'पाणी' या शब्दाची नोंद

नळ गळत होता हे खरं, पण थेंबाथेंबानं. तेवढ्यावर कोणाचंच काही बिघडलं नसतं. पण नाना त्याच स्वयंपाकघरात टेबलाशी 'पाणी' या शब्दाची नोंद लिहायला बसले होते, आणि पाठीमागे तोच शब्द टपटप करत होता.

नानांनी एकतीस वर्षं शब्दकोशाच्या कचेरीत काढली होती. निवृत्तीनंतर पुरवणीसाठी कचेरीनं चाळीस शब्द त्यांच्याकडे सोपवले, आणि ते पिशवीत घालून नाना माईंबरोबर परदेशात लेकीकडे राहायला आले. आज पाण्याची पाळी होती. संस्कृतात पानीय, म्हणजे पिण्याजोगं. प्राकृतात पाणिअ. मराठीत, गुजरातीत, पंजाबीत पाणी, हिंदीत पानी. इथवर आल्यावर टपटप असह्य झाली. नानांनी जावयाच्या खणातून पाना काढला.

"अहो, आपल्याला त्यातलं काय कळतं?" माईंनी विचारलं.

"जरासा आवळायचा आहे," नाना म्हणाले.

त्यांनी जरासा आवळला. नळाची मूठ त्यांच्या हातात आली आणि पाणी थेट छताला लागलं.

पुढच्या दहा मिनिटांत माईंनी दोन पातेली, तीन टॉवेल आणि शेवटी जावयाचा लोकरीचा कोट कामाला लावला. पाणी कुठून बंद करायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. नानांनी लेकीच्या दवाखान्यात फोन लावला. लेक दातांची डॉक्टर, ती कोणाच्या तरी दाढेत गुंतलेली. फोन उचलला तिथल्या बाईनं. नानांना तिथल्या भाषेतले दोनच शब्द येत होते, 'कृपया' आणि 'धन्यवाद'. त्यांनी ते दोन्ही म्हणून टाकले. बाईनंही बहुधा धन्यवादच म्हटलं आणि फोन ठेवला. सुदैवानं थोड्या वेळानं लेकीचाच फोन आला. प्लंबर पाठवते, तोवर कशाला हात लावू नका, असं तिनं बजावलं.

पाचच मिनिटांत बेल वाजली. दारात एक आडदांड माणूस उभा होता. अंगात बनियन, पायात सपाता, केस ओले, हातात बादली. इथले लोक कामाला तत्पर असतात हे जावई सांगत असे. पण प्लंबर सपाता घालून येतात हे त्यानं सांगितलं नव्हतं. तो माणूस तांबडालाल होऊन भराभरा काहीतरी बोलत होता. नानांनी 'कृपया' म्हणून त्याचा हात धरला आणि त्याला आत नेलं.

स्वयंपाकघर पाहून त्याचं बोलणंच थांबलं. त्यानं डोक्याला हात लावला आणि तो स्वतःशीच पुटपुटला, "देव्ला... पानी."

नाना घोट्याएवढ्या पाण्यात जागच्या जागी थबकले. हजारएक वर्षांपूर्वी आपल्याकडून निघून चालत चालत पार पश्चिमेला गेलेल्या लोकांची एक भाषा आहे, रोमानी. तिच्यात पाण्याला पानी म्हणतात, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. ती बोलणारा माणूस मात्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"पाणी?" नानांनी जमिनीकडे बोट दाखवलं.

त्या माणसानं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "पानी," तो हळूच म्हणाला.

नानांनी नाकाला बोट लावलं. "नाक."

"नाख."

"कान."

"कान," तो म्हणाला आणि त्यानं बादली खाली ठेवली.

"अहो, अवयव नंतर मोजा," माई म्हणाल्या. "आधी ते पाणी बंद करायला सांगा."

भाषा कळली नाही तरी सूर त्याला कळला असावा. तो ओट्याखाली शिरला, त्यानं कुठलीशी चावी फिरवली आणि छतावरून पडणारा पाऊस थांबला. माईंनी चहा टाकला. टेबलाशी बसून नाना आणि तो माणूस आकड्यांकडे वळले. दोनाला दुई निघालं, तिनाला त्रिन, पाचाला पांज. प्रत्येक आकड्याला तो माणूस लहान मुलासारखा हसत होता. शेवटी त्यानं छातीवर हात ठेवून म्हटलं, "मानुश." नानांनीही स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "माणूस."

तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. हत्यारांची पेटी घेतलेला, स्वच्छ निळ्या कपड्यातला प्लंबर दारात होता. त्याच्या मागे धापा टाकत लेक. चहा पिणाऱ्या पाहुण्याला पाहून ती उंबऱ्यातच थांबली.

"नाना, हे इथे कसे?"

"हेच आले की आधी. फार गुणी प्लंबर आहे."

"हे प्लंबर नाहीत. खालच्या मजल्यावरचे आहेत. जिन्यात सायकल ठेवण्यावरून दोन वर्षं आमचं बोलणं बंद आहे." लेकीचा आवाज खाली गेला. "बेकरीत रात्रपाळी करतात. या वेळी झोपलेले असतात."

नानांच्या सगळं ध्यानात आलं. झोपलेल्या माणसाच्या अंगावर आपण पाणी सोडलं, आणि तो भांडायला आला तेव्हा त्याला नाक-कान विचारत बसलो. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. त्या माणसानं त्यांना खांद्याला धरून परत बसवलं. मग तो लेकीशी बराच वेळ बोलला. आधी ती हाताची घडी घालून ऐकत होती. हळूहळू घडी सुटली.

"म्हणतात, शाळेत या भाषेवरून मुलं चिडवायची," ती म्हणाली. "तेव्हापासून घराबाहेर त्यांनी ती कधी काढली नाही. आज तोंडातून निसटली. यांची आई शहाऐंशीची आहे, या भाषेत बोलायला तिला यांच्याशिवाय आता कोणी उरलं नाही. उद्या तिला भेटायला याल का, असं विचारताहेत."

"आणि गादी?" नानांनी विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाले, वाळेल."

दुसऱ्या दिवशी नाना वही-पेन्सिल घेऊन खाली गेले. बरोबर माई. म्हातारी खिडकीशी खुर्चीत बसली होती. लहानखुरी, कपाळाला आठी. मुलानं नानांकडे बोट दाखवून तिला काही सांगितलं. तिनं नानांना खालून वर न्याहाळलं.

"पानी," ती म्हणाली.

नाना हरखले. त्यांनी वही उघडली आणि पानीय, पाणिअ असं करत शब्द कुठून कुठे गेला ते हातानं दाखवू लागले.

"पानी," म्हातारी पुन्हा म्हणाली. उच्चार स्पष्ट, असं नानांनी टिपून घेतलं.

"पानी!"

माई उठल्या, स्वयंपाकघर शोधून पेला भरून आणला आणि म्हातारीच्या हातात दिला. तिनं तो एका दमात संपवला, तोंड पुसलं आणि माईंचं मनगट धरून त्यांना शेजारी बसवलं. त्यानंतर दोघी तासभर बोलत होत्या. कोण कुठल्या भाषेत बोलत होतं, ते मात्र नानांना काही नीट टिपता आलं नाही.