मान वळवलेला मलकोहा

प्रत्येक जीव आधी जन्माला येतो आणि मग कुणीतरी त्याचं चित्र काढतं, हा सृष्टीचा अढळ नियम आहे. सिंहराज अरण्याच्या वेशीवरच्या दोडमपिटिय गावात मात्र तो लागू नाही. तिथे मलकोहाचं चित्र आधी झालं. पक्ष्याला नंतर त्याबरहुकूम वागायला सांगण्यात आलं, आणि तो अजून ऐकत नाही.

मलकोहा हा लाल तोंडाचा, हिरव्या पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, हातभर शेपटीचा रानकोकीळ. कोकिळेच्या कुळात जन्मूनही तो स्वतःचं घरटं स्वतः बांधतो, त्यामुळे नातेवाइकांत त्याला फारसा मान नसावा. राहतो झाडांच्या शेंड्याला, दाट पानांत. गावातल्या बहुतेकांनी तो पाहिलेला नाही, पण ओळखत नाही असा माणूस नाही. कारण प्रत्येक घरात तिलकसिरी मास्तरांनी काढलेलं त्याचं चित्र आहे.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. तरुणपणी चहाच्या एका मळ्याने त्यांच्याकडून कॅलेंडरसाठी मलकोहाचं चित्र मागवलं. जंगलात जळवा असतात आणि मास्तरांना जळवा चालत नसत, म्हणून ते शहरातल्या एका जुन्या संग्रहालयात गेले. तिथे भुसा भरलेला एक मलकोहा होता. त्याची मान निखळली होती. ती खाली लोंबू नये म्हणून तिथल्या शिपायाने मागे वळवून दोऱ्याने शेपटीच्या बुडाशी बांधली होती. तोंडाचा रंग उडून वांग्यासारखा झाला होता. मास्तरांनी शिपायाला विचारलं, "हे लालच असतं ना?" शिपाई साहेबाला म्हणावं तसं अदबीने म्हणाला, "महत्तया, पाटीवर लाल लिहिलंय. लाल काढा."

समोर आहे तेच कलावंताने काढावं, या तत्त्वाला जागून मास्तरांनी मागे मान वळवून स्वतःच्या शेपटीकडे बघणारा मलकोहा काढला. दोरा तेवढा गाळला. एवढं स्वातंत्र्य कलावंताला असतंच.

पुढची प्रगती वेगाने झाली. विहारातल्या भिक्षूंनी प्रवचनात सांगितलं की हा पक्षी मागे वळून आपलं कर्म पाहतो. शाळेच्या बिल्ल्यावर तो आला, बिस्किटांच्या डब्यावर आला, बसच्या पाठीमागे आला (तिथे तो मागच्या ड्रायव्हरकडे बघतो, आणि अपघात कमी झाले असं बसमालक सांगतो). लग्नाच्या फोटोत नवरा-नवरी मलकोहासारखी मान वळवून उभी राहू लागली. त्यामुळे माना धरू लागल्या. त्यामुळे पुंचिबंड वैद्यांचं मानेचं तेल खपू लागलं. एका पक्ष्याने गावाला धर्म, शिक्षण, वाहतूक आणि आरोग्य दिलं. हे सगळं त्याच्या नकळत.

मग कॅमेरे आले आणि वनपक्षी छायाचित्र मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष तिलकसिरी मास्तर, परीक्षक तेच आणि पुंचिबंड वैद्य. वार्षिक स्पर्धेत ढोबळ मानाने दहातले सात फोटो शेपटीचे येत, दोन ज्या पानामागे पक्षी आहे त्या पानाचे, आणि उरलेला एक फोटोग्राफरच्या पायावरच्या जळवेचा. मंडळाने म्हणून रीतसर गट पाडले: शेपूट (खुला गट), पान (मागे पक्षी असल्याचं शपथेवर सांगणे आवश्यक), आणि अखंड पक्षी. अखंड पक्ष्याच्या गटाला एकच अट होती, 'पक्षी चित्राप्रमाणे असावा.' या गटात अजून कुणाला बक्षीस मिळालेलं नव्हतं. स्पर्धेचा दर्जा त्यावरून कळावा.

गेल्या वर्षी मात्र अरण्याच्या फाटकापाशी मलकोहाचा सिमेंटचा पुतळा उभारायचं ठरलं. अखंड पक्ष्याचा फोटो जिंकला तर पुतळा त्या फोटोवरून घडणार, नाहीतर मास्तरांच्या चित्रावरून, आणि खाली मास्तरांचं नाव. मास्तर रात्री उशीवर बोटाने त्या नावाची अक्षरं काढून बघत. परीक्षकाचाच यात हितसंबंध आहे, असं कुणी म्हणालं नाही. कारण मग दुसरा अध्यक्ष शोधावा लागला असता.

आणि पोस्टमास्तरीण निलूका हपुआरच्ची हिने फोटो आणून टेबलावर ठेवला.

उघडी फांदी. अखंड मलकोहा. चोचीत सुरवंट. मान सरळ.

वैद्यांनी चष्मा पुसला. "आजारी आहे."

"आजारी कसा?" निलूका म्हणाली. "सुरवंट खातोय की चांगला."

"आजारी माणसं खात नाहीत? तुझा बाप ताप असतानाही फणस संपवायचा."

"वेदमहत्तया, माझ्या बापाला मधे आणू नका. मान बघा. पक्ष्याची मान अशीच असते. कोंबडीची बघा, कावळ्याची बघा."

"कावळा बघायला कॅमेरा कशाला?" वैद्य म्हणाले. "मास्तर, तुम्ही बोला. पक्षी तुमचा आहे."

मास्तरांनी फोटो टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाले, "स्थळपाहणी करू."

घरी मास्तरांच्या पत्नी करुणावती बाईंनी जळवा लागू नयेत म्हणून त्यांच्या पायांना साबण आणि लिंबू चोळलं, वर लांब मोजे चढवले. "जा," त्या म्हणाल्या. "जन्मभर त्याच्या नावावर मिरवलात. एकदा तोंड तरी दाखवून या त्याला."

"मी त्याला बघायला चाललोय."

"तेच ते. त्यानेही तुम्हाला कुठं बघितलंय?"

मास्तर, वैद्य आणि निलूका असे तिघं सकाळी जंगलात शिरले. गुळाचा खडा चावत कोरा चहा पिऊन झाला, वैद्यांना जळवा लागल्या, मास्तरांचे गुडघे बोलू लागले. मग वर झाडांत कलकलाट झाला. सातभाईंची टोळी आली, मागोमाग कोतवाल पक्षी आला, आणि एका उघड्या फांदीवर, शेजारच्या घरात साखर मागायला यावं तितक्या सहज, मलकोहा येऊन बसला.

तोंड लाल होतं. मास्तरांच्या रंगपेटीत असला लाल कधीच नव्हता. डोळा जिवंत होता. मान सरळ होती.

मास्तरांच्या डोळ्यांना धारा लागल्या. निलूका कुजबुजली, "सर, दिसला ना? सरळ आहे ना?"

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली. मग दोन्ही हात जोडले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बाळा, एकदाच. जरा मागं वळून बघ."

मलकोहाने सुरवंट गिळला आणि तो उडून गेला.

"वळला!" वैद्य ओरडले.

"वळला नाही हो, गेला!"

"पोरी, जायचं म्हणजे वळावंच लागतं."

संध्याकाळच्या सभेत मास्तर उभे राहून म्हणाले, "मी तो पाहिला. फोटो खरा आहे." निलूका टाळी वाजवणार, तोच मास्तर पुढे म्हणाले, "परंतु पाहणं वेगळं आणि ठरवणं वेगळं. भिक्षूंचं प्रवचन आहे, पोरांचे बिल्ले आहेत, वैद्यांचं तेल आहे. एका मानेसाठी एवढ्यांच्या माना खाली घालायच्या का?"

निकाल एकमताने लागला (निलूकाचं मत स्पर्धक म्हणून धरलं नाही). अखंड पक्षी गटाचं पहिलं बक्षीस निलूका हपुआरच्ची यांना, मान वगळून. पुतळ्याचं अंग फोटोप्रमाणे, मान चित्राप्रमाणे. खाली दोघांची नावं.

पुतळा उभा राहिला. सिमेंटला एवढी वळलेली मान पेलेना, महिन्याभरात तडा गेला. गवंड्याने ती तारेने शेपटीच्या बुडाशी बांधली. मास्तर बघायला आले. गवंड्याला म्हणाले, "तार राहू दे. पण दिसायला नको." त्याने वर हिरवा रंग मारला. आता परदेशी पाहुणे पुतळ्याशेजारी मान वळवून फोटो काढतात आणि जंगलात न जाताच समाधानाने परततात. निलूका यंदा शेपूट गटात उतरली आहे. तिथे स्पर्धा जास्त, पण वाद कमी.

तुम्ही हा पक्षी बहुधा कधी पाहिला नसेल. तरी एव्हाना तुमच्या मनात एक मलकोहा येऊन बसलाच असेल, आणि त्याची मान कुठे वळली आहे ते सांगायला नको. मोठं काही मागत नाही. पान उलटण्याआधी तेवढी सरळ करून ठेवा. दुखत असेल बिचाऱ्याची.