गुलमोहरांची पलटण

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात साताऱ्याच्या माजी सैनिक कॉलनीत रस्त्याकडेला झाडे लावायचे काम सुभेदार केरबा निकमांकडे आले. 'दाहिने सज' म्हटल्यावर जवान हात लांब करून शेजारच्याच्या खांद्याला मूठ लावतात, तेवढ्याच अंतरावर त्यांनी डझनभर गुलमोहर उभे केले. रांग इतकी सरळ, की टोकाला उभे राहिले तर एकच झाड दिसे.

"आवं, झाडं हायती ती," त्यांची बायको शालूबाई म्हणाली. "उद्या हातपाय पसरतील."

"हुकमाबिगर न्हाई पसरत."

नगरपालिकेच्या बागेचे ओव्हरसियर सायकलवरून उतरले. "सुभेदार, गुलमोहर छत्रीसारखा वाढतो. दोन झाडांत पंचवीस फूट तरी हवेत."

"तुमी छत्री उघडून चालता. आमी मिटून धरतो."

दोन पावसाळ्यांत छत्र्या उघडल्या. मधली झाडे उन्हासाठी मान ताणून किडकिडीत झाली, कडेची रस्त्यावर कलली. एक फांदी शेजारच्या लालासाहेबांच्या खिडकीतून आत गेली आणि तिने त्यांचा आरसा पाडला. ते अर्धी दाढी करून बाहेर आले.

"केरबा, तुझा जवान माझ्या घरात घुसलाय."

"कोन, आकाराम? त्यो पयल्यापासनं आगाव."

लालासाहेब हसले, आणि मग त्यांना हसता येईना. आकाराम त्या दोघांच्याच कंपनीतला. पासष्टच्या लढाईतून तो परतला नव्हता. जोतिबाही नाही, गुंडाही नाही. सुभेदार पाणी घालताना रोज झाडांची नावानिशी हजेरी का घेतात, ते त्यांना तेव्हा कळले.

त्याच आठवड्यात ओव्हरसियरांचा निरोप आला: दोन झाडे ठेवा, बाकीची सोमवारी तोडायला माणसे येतील.

सुभेदार ताटावर नुसते बसून राहिले. "दोगं कोन ठेवू? तूच सांग."

शालूबाईने भाकरी वाढली. "छावनीत जागा न्हाई म्हनून मानसं कापत्यात व्हय? बदली करा की."

सोमवारच्या आत बदल्या उरकल्या. मुळांभोवतीच्या मातीसकट, गोणपाटात बांधून, एकेक झाड हातगाड्यावरून कुणाकुणाच्या परसात रुजू झाले. जुन्या सोबत्याला नाही म्हणणे कुणाला जमेना. लालासाहेबांनी आकारामला मागून घेतला, पण खिडकीपासून लांब लावला. नळावर अंबूबाई काळजीने सांगू लागली, "आमच्या गुंडाला हवा मानवली न्हाई, पानं टाकल्यात." हजेरीसाठी सुभेदारांना आता सारी कॉलनी फिरावी लागे, आणि दर घरी चहा होई.

रस्त्यावर दोघे उरले. त्यांच्यापुढे फीत लावून, मोजून पंचवीस फुटांवर, आपल्या फाटकापाशी सुभेदारांनी गुडघाभर खड्डा खणला आणि रिकामाच ठेवला.

"हितं कोन?" शालूबाईने विचारले.

"सुभेदार निकम. सवडीनं येतील."

सुभेदार हजेरी आटोपून परतले, तेव्हा खड्ड्याच्या अगदी जवळ कढीपत्त्याचे रोप लागले होते.

"आगं, मधी पंचवीस फूट पायजेत. ओव्हरसियर काय म्हनला?"

"जरा खड्ड्यात हुबं ऱ्हावा बगू."

सुभेदार उतरले. शालूबाई रोपाशी उभी राहिली आणि तिने हात लांब केला. मूठ बरोबर त्यांच्या खांद्याला लागली.

सुभेदार सवयीने सावधान झाले.