डावं-उजवं

परबकाकांच्या घरी गेलात तर ते तुम्हाला नुसतं 'बसा' म्हणत नाहीत. आधी सुतळी काढतात.

या सुतळीला मधोमध एक गाठ आहे. तिचं एक टोक हॉलच्या डाव्या कोपऱ्यातल्या स्पीकरला, दुसरं उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरला आणि गाठ तुमच्या नाकावर. गाठ नाकाला टेकेपर्यंत खुर्ची पुढे-मागे सरकवायची आणि एकदा टेकली की मान हलवायची नाही. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले होते ती उसनी साखर परत करायला. हातात साखरेची वाटी, नाकावर सुतळीची गाठ आणि समोर एक डोळा मिटून माझी मान सरळ करणारे परबकाका, अशा अवस्थेत मी एक अख्खं भावगीत ऐकलं. ते संपल्यावर काका म्हणाले, "गो सुजाता, आता सांग. तबलो खंय?"

"खंय म्हणजे? गाण्यात."

"डावीकडे," काका म्हणाले आणि माझ्या शिक्षणाबद्दल त्यांचं जे काही बरं मत होतं ते तिथेच संपलं.

दिंडोशीच्या वसाहतीत आमची भिंत सामाईक आहे. काका मालवणकडचे, एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होते. ते खातं सुटलं, पण पॅकिंग सुटलं नाही. घरातली प्रत्येक वस्तू मूळ खोक्यात, मूळ थर्माकोलसकट. तो स्टिरिओसुद्धा रोज संध्याकाळी खोक्यातून निघायचा आणि गाणं संपलं की परत खोक्यात जायचा. उचलून न्यायला वरती चांगली भक्कम कडी, दोन्ही बाजूंचे स्पीकर सुटे होणारे. "पोर्टेबल आसा," काका छाती फुगवून सांगायचे. तो कधी हॉलच्या बाहेर गेल्याचं मात्र मला आठवत नाही.

स्टिरिओ म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदा जेवणाच्या ताटावर समजावलं होतं. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड. तशी डाव्या स्पीकरात तबला, झांजा. उजवीकडे भाजी, आमटी. तशी सतार, बासरी. मधे भाताची मूद, तो गाणाऱ्याचा गळा. जी वस्तू जिथे वाढली तिथेच राहिली पाहिजे. "आणि मोनो म्हणजे?" मी विचारलं. काकांनी तोंड वाकडं केलं. म्हणाले, "सगळा एकत्र कालवन म्हाताऱ्याक भरवतत, तसा."

एवढं सगळं चालायचं ते एका माणसासाठी. रोज संध्याकाळचा चहा झाला की पुष्पाकाकूंना त्या खुर्चीवर बसवायचं. सुतळी नाकावर. एक गाणं. ते चालू असताना काका बाजूला उभे राहून धावतं समालोचन करायचे: "आता सतार बघ हां… आता झांज… इली, इली." गाणं संपलं की वाकून विचारायचे, "कसा वाटता?"

काकू म्हणायच्या, "बरा आसा."

मी अकोल्याकडची. सुरुवातीला मला वाटलं, ही तारीफ आहे. मग मी काकूंना नळाच्या गढूळ पाण्याबद्दल, माझ्या करपलेल्या उपम्याबद्दल आणि तळमजल्यावरच्या अत्यंत भांडकुदळ जावयाबद्दलही तेच म्हणताना ऐकलं, तेव्हा उलगडा झाला. काकांना तो कधीचाच झालेला होता. 'बरा आसा' ऐकलं की ते डावा स्पीकर दोन बोटं आत ओढायचे. दुसऱ्या दिवशी उजवा दोन बोटं बाहेर. एकदा जिन्यात भेटले तेव्हा मी चेष्टेने म्हटलं, "काका, भिंत सरकवायची असेल तर आधी सांगा, पलीकडे आमचं कपाट आहे." ते हसले नाहीत. म्हणाले, "एकदा तरी तिच्या तोंडातसून 'वा' येऊक व्हया गो. माका दुसरा काय नको." काका कधी मनातलं बोलत नाहीत, म्हणून मला ते लक्षात राहिलं. शिवाय हातात दळणाचा डबा असताना बोलले, म्हणजे खरंच असणार.

मग एके दिवशी स्टिरिओनेच मान टाकली. बटण दाबलं की नुसती घरघर. गोरेगाव स्टेशनजवळच्या रिपेअरवाल्याने तो उघडला, आत बघितलं आणि परत बंद केला. काकांनी तो शेवटचा थर्माकोलमध्ये ठेवला तेव्हा आम्ही दोघी गंभीर चेहऱ्याने उभ्या होतो. काकूंनी तर डोक्यावर पदरही घेतला होता. चेष्टेने की सवयीने, ते कळलं नाही.

त्यांच्या ठाण्याच्या मुलीने गाण्यांचं नवीन यंत्र पाठवलं. तळहातात मावेल एवढं, आणि सोबत एक मखमली डबी. डबी काकूंनी उघडली, कारण त्यांना वाटलं लेकीने मोत्याच्या कुड्या पाठवल्या. आत दोन पांढऱ्या कळ्या. त्या कानातच घालायच्या होत्या, पण त्यांतून गाणं येणार होतं. काकूंनी डबी काकांच्या हातात दिली आणि त्या दिवसापासून आमच्या मजल्यावर इअरबड्सना कुड्या म्हणतात.

यंत्र आणि कुड्या एकमेकांना जोडायचं काम माझ्याकडे आलं. पडद्यावर आजूबाजूच्या चार-पाच यंत्रांची नावं आली. "यातलं तुमचं कुठलं?" असं मी विचारेपर्यंत काकांनी पहिल्याच नावावर बोट दाबलं. यंत्रातली बाई इंग्रजीत म्हणाली, जोडलं गेलं. "बरा बाय," काकांनी तिला उत्तर दिलं आणि गाणं लावलं. कुड्यांतून आवाज येईना. काकांनी आवाज वाढवला. तरी येईना. पूर्ण वाढवला. तेवढ्यात भिंतीपलीकडे काहीतरी आपटलं आणि माझा नवरा मिलिंद बनियनवर दारात येऊन उभा राहिला. दुपारी झोपताना तो आमचा स्पीकर उशाशी चालूच ठेवून आडवा झाला होता. त्याच्या कानापाशी टाळ-मृदंगासकट अख्खं भजनी मंडळ उगवलं होतं. "काका, वाट लागली ना माझी," एवढंच म्हणून तो परत गेला. काकांना त्याच्या झोपेचं काही नव्हतं. त्यांनी मला हळूच विचारलं, "भिंतीपलीकडेपण डावा-उजवा बरोबर गेला काय?"

शेवटी योग्य जोडी जमली. नव्या यंत्रात तपासणीची सोय होती. एक बाई आधी डाव्या कानात 'लेफ्ट' म्हणते, मग उजव्या कानात 'राइट'. काकांनी पहिला मान काकूंना दिला. खुर्चीवर बसवलं. सवयीने सुतळी काढली, मग तिचं आता काय करायचं ते न सुचून खिशात ठेवली. दोन्ही कुड्या स्वतःच्या हाताने काकूंच्या कानांत घातल्या आणि बटण दाबलं.

"काय म्हणाली?"

"राइट म्हणाली."

"आणि त्येच्या आधी?"

"आधी खंय काय म्हणाली?"

काकांनी डावी कुडी काढून स्वतःच्या कानात घातली. बाई स्वच्छ 'लेफ्ट' म्हणाली. त्यांनी ती धोतराला पुसली, परत काकूंच्या डाव्या कानात घातली. काही नाही. "फुटकी कुडी पाठवल्यान," काका लेकीवर चिडले, "परत धाडूक व्हयी." मी म्हटलं, अदलाबदल करून बघा. त्यांनी डावी कुडी काकूंच्या उजव्या कानात कशीबशी बसवली. काकू लगेच म्हणाल्या, "आता बोलली. लेफ्ट." आणि मग त्यांनी काकांकडे असं पाहिलं, जसा चोरून खाल्लेल्या लाडवाचा चुरा पदरावर सापडावा.

काका खाली बसले. जमिनीवरच.

"कधीपासून?"

"चेडू झाला तेव्हा ताप इललो नाय माका? तेव्हापासून."

ते चेडू, म्हणजे ठाण्याची लेक, आता चाळिशीला आलं आहे. इतकी वर्षं हे काकांना कळलं कसं नाही, असा प्रश्न तुम्हाला पडेल, मलाही पडला. पण त्यांचं तरी काय चुकलं? काकू बाजारात, देवळात, लग्नाकार्यात कायम त्यांच्या डाव्या हाताला चालतात. काकांना केवढा अभिमान त्याचा. "वामांगी म्हणतत तिका," ते आम्हाला सांगायचे, "शास्त्रापरमाणे चलता." शास्त्राचा काही संबंध नव्हता. नवऱ्याच्या डावीकडून चाललं की नवरा उजव्या कानाशी येतो.

"सांगलंस कित्याक नाय?" काकांचा आवाज बारीक झाला होता.

"तुमचा आयकूक एक कान पुरो," काकू म्हणाल्या.

"आणि मी रोज तुका त्या खुर्चयेर बसवन… स्पीकर हय सरकव, थंय सरकव… तुका काय एक फरक कळा नसात."

"नाय कळा."

"मग बसा होतंस कित्याक?"

काकूंनी मखमली डबीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "गाणा खंय मी आयका होतंय," त्या म्हणाल्या. "तुमचा तोंड बघत होतंय. त्या वेळेक चांगला दिसता."

मी तिथे तिसरी होते, मला काय करावं कळेना. म्हणून मी यंत्र हातात घेतलं आणि सेटिंगमध्ये काहीतरी शोधल्यासारखं करू लागले. शोधल्यासारखं करताना खरंच सापडलं. दोन्ही बाजूंचं गाणं एकत्र करून दोन्ही कुड्यांत सारखंच पाठवायची सोय होती. मी भीतभीत म्हटलं, "काका, याने काकूंना एका कानात सगळं ऐकू येईल. पण ते मोनो होईल."

काका उठले. तोंड फिरवून धोतराच्या सोग्याने नाक पुसलं.

"कालव," ते म्हणाले. "सगळा कालव."

दोन दिवसांनी मी भाजी घेऊन येत होते. वसाहतीच्या बागेत, आवळ्याच्या झाडाखालच्या बाकावर दोघं बसली होती. काकू नेहमीप्रमाणे काकांच्या डाव्या हाताला. यंत्र दोघांच्या मधे बाकावर. एक कुडी काकूंच्या उजव्या कानात, दुसरी काकांच्या डाव्या. संध्याकाळची पोरं क्रिकेट खेळत होती, कुणाचा तरी चेंडू बाकाखालून गेला, दोघांना पत्ता नव्हता. काकूंनी डोळे मिटले होते. काकांचं समालोचन चालू होतं.

"आता सतार बघ हां… नाय, थांब, आधी बासरी… इली बघ, इली…"

काकूंनी डोळे न उघडता हात वर केला.

"जरा गप रवा," त्या म्हणाल्या. "माका गाणा आयकूचा आसा."

काकांचं तोंड अर्ध्या शब्दावर उघडंच राहिलं. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी बोटाने काकूंकडे खूण केली, ऐकलंस ना, अशी. मी मान डोलावली. ते मला आणखी काहीतरी सांगायला निघाले होते, पण गाणं चालू होतं, म्हणून गप्प बसले.