खांबेटे सरांची मुलाखत

खांबेटे सरांच्या घरात कुणालाही पहिल्या खेपेला प्रवेश मिळत नाही. बेल वाजवून तुम्ही आत पाऊल टाकलंत की ते खुर्चीतूनच तुम्हाला आपादमस्तक न्याहाळतात आणि म्हणतात, "घाईत आलात. पुन्हा या." मग आपण बाहेर जायचं, दार ओढून घ्यायचं, श्वास घ्यायचा आणि पुन्हा यायचं. एकदा त्यांनी गॅसवाल्यालाही परत पाठवलं. तो बिचारा खांद्यावरचं सिलिंडर सावरत म्हणाला, "काका, हे ठेवून जाऊ का घेऊन जाऊ?"

"प्रश्न उत्तम विचारलात," सर म्हणाले, "पण उभं राहण्यात आत्मविश्वास नाही."

सर नारायण पेठेत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. खडकीच्या एका कारखान्यात माणसं निवडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. एमबीएच्या प्रवेशाच्या मुलाखती जवळ आल्या की ते मुलांची तयारी करून घेतात, तीही फुकट. पुण्यात फुकट म्हटलं की लोकांना आधी संशय येतो आणि मग रांग लागते.

तयारीच्या वेळी सर कोट-टाय घालून टेबलामागे बसतात. टेबलाखाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा असतो. "पॅनेल कमरेच्या वरच असतं," असं त्यांचं म्हणणं. एक मुलगा म्हणाला, "सर, मला लहानपणापासून मॅनेजमेंटची आवड आहे."

"अस्सं? पाळण्यात काय मॅनेज करत होतात?"

एका मुलीनं छंद सांगितला वाचन. शेवटचं काय वाचलंत म्हटल्यावर ती पंख्याकडे बघायला लागली. "छंद बदला, नाहीतर पुस्तक उघडा," सर म्हणाले, "दोन्हीला अजून वेळ आहे." आणि 'परफेक्शनिस्ट असणं हाच माझा दोष' असं सांगणाऱ्याला ते चहासुद्धा विचारत नाहीत.

माझ्या लेकीला, केतकीला, तर त्यांनी रडवलं. एमबीएच का, या प्रश्नाला ती जे म्हणेल त्यावर यांचं एकच, "हे पाठ केलेलं. खरं सांगा." शेवटी ती हुंदके देत ओरडली, "मला आता आईच्या जिवावर जगायचं नाहीये!"

"आता बोललात," सर खुशीत म्हणाले. "तेवढं रडणं कमी करा."

तिला बेंगळुरूला प्रवेश मिळाला आणि ती गेली. सरांकडची मुलं अशीच जातात. पेढे द्यायला येतात तेव्हा बेल अदबीनं वाजवतात, आणि त्यानंतर वाजवत नाहीत. "त्यांना परत यावं लागलं तर माझी तयारी कच्ची," असं सर वर म्हणतात.

यंदा तर कुणीच आलं नाही. मुलं म्हणे मोबाइलवरच सराव करतात. प्रश्न तोच विचारतो आणि उत्तर कसं झालं तेही तोच सांगतो. मी हे सांगितल्यावर सरांनी विचारलं, "बाहेर पाठवतो का?"

"नाही. 'फार छान' म्हणतो."

"मग संपलंच," म्हणून त्यांनी टाय सैल केला. मला त्यांच्याकडे बघवेना.

काल, रविवारी दुपारी, त्यांनीच माझी बेल वाजवली. कोटाखाली चक्क इस्त्रीची पँट होती.

"मंजिरीताई, मंगळवारी माझी मुलाखत आहे. तयारी करून घ्याल का?"

मला हसू आलं. "तुम्ही आता कुठे प्रवेश घेताय?"

"सिंहगडाच्या बाजूला एक वृद्धाश्रम आहे. मुलाखत झाल्याशिवाय घेत नाहीत. चांगली संस्था दिसते."

मी काहीतरी समजूत घालणार होते. पण ते आत येऊन खुर्चीत ताठ बसले होते, म्हणून मीही समोर बसले आणि विचारलं, "इथे का यावंसं वाटतं?"

"निसर्गरम्य परिसर, सात्त्विक आहार, समवयस्कांचा सहवास..."

"सर, हे पाठ केलेलं आहे."

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "जेवताना समोर कुणीतरी असावं," ते म्हणाले. "आमटीत मीठ कमी आहे, एवढं म्हणायला तरी."

पुढचा प्रश्न तिथे हमखास विचारतात, असं त्यांनीच बसल्या बसल्या मला सांगून ठेवलं होतं. भेटायला कोण येईल? सरांनी लग्न केलं नाही. एक भाऊ होता, तो गेला.

"याला माझ्याकडे उत्तर नाही," सर म्हणाले.

"माझं नाव सांगा. मी येईन दर रविवारी."

"पॅनेलपुढे थाप चालत नाही हो. पकडतात."

"थाप नाहीये, सर."

त्यांनी मला उमेदवारासारखं न्याहाळलं. "मग ते विचारतील, इतकं मायेचं माणूस समोरच्याच दारात असताना इथे कशाला येता? काय सांगू?"

केतकी गेल्यापासून मीही एकटीच जेवते. समोरासमोरच्या घरांत दोन माणसं आपापल्या ताटाकडे बघत जेवतात, आणि हे मला त्यांच्या मुलाखतीत कळावं, याचं फार वाईट वाटलं.

"मंगळवार राहू द्या, सर," मी म्हटलं. "उद्यापासून दुपारचं माझ्याकडे जेवा. रोज."

ते उठले, कोटाचं बटण लावलं. "विचार करून कळवतो," म्हणाले, आणि गेले.

आज सोमवार. साडेबारा वाजून गेलेत. सरांनी अजून कळवलेलं नाही. मी दोघांची कणीक भिजवून बसले आहे.