कोंडिरामाचा मेजर

खरं वाटणार नाही तुला. नकोच वाटू दे. यातला अर्धा शब्द जरी खरा मानलास ना, तर अख्ख्या भाईंदरमध्ये तुझ्याएवढा बावळट दुसरा नाही. बस तिथं. पाय हलवू नको.

तर आपल्या खारीगावातला कोंडिराम. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकून, रिटायरमेंट तोंडावर आलेली. बायको कांता. ही कांता आणि तिची धाकटी बहीण रश्मी, दोघी मिळून गायच्या. आईनं रचलेलं बाबासाहेबांचं एक गाणं होतं, एक ओळ कांताची, एक रश्मीची. जयंतीला दोघी स्टेजवर चढल्या की मांडववाला वायर हातात धरून तसाच उभा.

रश्मी मागल्या वर्षी गेली. चांगली हिंडतीफिरती बाई, तापाचं निमित्त झालं. तेव्हापासून कांताच्या तोंडून सूर नाही. सूर सोड, भाजीवाल्याशी भांडण पण नाही. देईल त्या भावात घ्यायची, किडकी भेंडी पण. घर असं गप्प झालं की कोंडिरामाला फ्रिजची घरघर ऐकू यायची. (आयुष्यभर "जरा हळू गा" म्हणून ओरडला, आणि आता त्या फ्रिजपुढं बसून राहायचा.) बायकोला काय बोलावं ते सुचेना. बोलणं त्याला कधी जमलंच नाही, लग्नात नाव घेताना पण स्वतःचंच घेतलं होतं.

एकदा इंद्रलोकला गेला. वरचं नव्हे रे, आपल्या त्या बिल्डिंगी. तिथं फरसाणच्या दुकानावर बोर्ड : गिटार शिका, गाणाऱ्याला साथ द्या. 'साथ' वाचून त्याचे पाय जिन्याकडं वळले. आपण वाजवू, ती गाईल. साधा हिशेब.

शिकवणारा जितेश सर. सर म्हणजे काय, कोंडिरामाच्या बुटापेक्षा वयानं थोडा मोठा असेल. म्हणाला, "अंकल, पहले मायनर, वो इझी है. फिर मेजर. एफ मेजर में सब रोते हैं." मायनर, मेजर म्हणजे तारा एकत्र दाबायच्या तऱ्हा, कॉर्ड. एफ मेजरला म्हणे पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं निजवायचं आणि जीव खाऊन दाबायचं. वर ते फिंगरस्टाइल. अंगठ्यानं जाड तारा, बाकीच्या बोटांनी बारीक तारा, सगळी बोटं वेगवेगळी चालली पाहिजेत. कोंडिरामाची सगळी एकदम चालायची, मोर्चा निघाल्यासारखी.

गिटार क्लासातच ठेवलेली, घरी कळू द्यायचं नव्हतं ना. मग घरी सराव कशावर? स्वतःच्या छातीवर! गॅलरीत बसायचा, डावा हात हवेत वाकडा, उजव्या हाताची बोटं छातीवर टकटक टकटक, डोळे मिटलेले, तोंड आंबट. कांता दारातून बघायची आणि आत जायची.

आणि एके दिवशी फोन. कांता पडद्याआड, हा इकडं सरांशी बोलतोय :

"हां सर, मायनर झालं. परवाच... नाय, घरी कोणाला बोललो नाय... हां, डावा हात पूर्ण बधिर होतो, बोटांना मुंग्या येतात... मेजरची लय भीती वाटते सर... बायकोला? नको नको, तिला एकदम कळू दे... हां, मेजर झालं की इंद्रलोकला शेवटचं येतो."

आता सांग. इंद्रलोक कुठं आहे ते कांताला काय ठाऊक नाही? पण माणूस घाबरला की पत्ते बदलतात.

तिनं विचारलं काही नाही. जेवणातलं मीठ काढलं. तेल काढलं. कोंडिराम गप खायचा, त्याला वाटलं हिला रश्मीची आठवण आली असेल, आपण कशाला मिठावरून बोलायचं. ती त्याच्याकडं बघून डोळे पुसायची, तो तिच्याकडं बघून उसासे टाकायचा. असलं सुतकी घर मी बघितलं नाही.

रविवारी क्लासवरून आला तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत पाव्हणे ओळीनं बसलेले, कोणी बोलेना. कोपऱ्यात शहाळी आणि सफरचंदं. मेहुणा धम्मपाल पुढं झाला.

कोंडिराम दारातच थबकला. "कोण गेलं?"

"अजून कोण नाय," धम्मपाल म्हणाला. "बसा दाजी. जिना चढून आलात?"

"मग काय उडून येऊ?"

हे ऐकून एका मावशीनं हंबरडाच फोडला.

कोंडिरामाला वाटलं, नक्की कोणीतरी गेलंय, आपल्याला हळूहळू सांगतायत. बहुतेक गावचा थोरला भाऊ. झालं, तो पण रडायला लागला.

"दाजी, तुम्ही धीर सोडला तर आमच्याकडं कोणी बघायचं?"

"तुम्ही रडताय म्हणून मी रडतोय!"

"आम्ही तुमच्यासाठी रडतोय!"

"माझ्यासाठी? मला काय धाड भरलीय?"

तेव्हा कांता उठली. "लपवू नका. मायनर झाला. मेजर यायचाय. मी ऐकलंय सगळं."

कोंडिराम लाजला. अरे, लाजला! "तुला जितेश सर बोलले?"

"डॉक्टरचं नाव जितेश?" धम्मपालनं विचारलं.

"डॉक्टर कुठला, पोरगा आहे. फरसाणच्या दुकानावर बसतो."

"फरसाणच्या दुकानावर अटॅकचा इलाज? कुठाय तो, त्याचे हातपाय मोडतो!"

मग फोनाफोनी झाली. जितेश सर बिचारा गिटार घेऊन आला आणि दारातूनच परत निघाला होता, त्याला ओढून आत घेतला. कोंडिरामानं गिटार मांडीवर घेतली. वाजवलं. मायनर कसंबसं निघालं. मेजरला पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज झाला. पाव्हणे खाली बघायला लागले, अटॅकच्या बातमीला पण बघितलं नव्हतं तसे.

कांता म्हणाली, "हे काय आहे?"

"तुझ्या आईचं गाणं."

"हे?"

"तू गाशील म्हणून शिकलो गं. साथ द्यायला."

कांता पुढं झाली. मग रागानंच म्हणाली, "असं आहे का ते? आईला काय वाटेल? असं आहे ते..." आणि चूक दाखवायला म्हणून तिनं पहिली ओळ म्हटली.

आवाज गंजलेला. पण होता.

ओळ संपली. पुढची रश्मीची. कोंडिरामाला वाटलं, हीच आपली जागा. केला झणकार.

"तिथं वाजवू नका," कांता म्हणाली. "ती तिची जागा आहे."

कोंडिरामानं तळहात तारांवर ठेवला. ती ओळ तशीच रिकामी गेली, पुरी लांबीची. मग कांतानं आपली पुढची घेतली. पाव्हणे आता खरं रडले, आणि कोपऱ्यातली शहाळी कोणाला आठवली पण नाहीत.

आता ती रोज गाते. हा शेजारी गिटार घेऊन बसतो. तिच्या ओळीला वाजवायचं नाही, कारण ती बेसूर होते. रश्मीच्या ओळीला वाजवायचं नाही, कारण ती रश्मीची. जितेश सर ऐकून गेला, म्हणाला, "अंकल, अभी एकदम परफेक्ट बजाते हो."

आणि कोंडिराम लोकांना सांगतोय, सर्टिफिकेट मिळालं म्हणून! ऊठ, जा आता, डोळे काय पुसतोस, खोटं होतं म्हटलं ना मी आधीच. जा.