सयाजीची दगडी कुऱ्हाड आणि एक नारळ

“आक्का, लिहून ठेव! डेअरीच्या भिंतीवर राजवीरच्या म्हशीशेजारी आता माझा फोटू लागणार!”

हे सयाजीचं आईला, म्हणजे आक्काला, चुलीपाशी, बायकोला गोठ्यात आणि शेजाऱ्यांना कुंपणावरून सांगून झालं होतं. त्याचं दुखणंच ते होतं. त्याच्या मेव्हण्याच्या, राजवीरच्या, म्हशीला प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला, तेव्हापासून गावच्या डेअरीत दोघांचा फोटो झळकत होता. म्हैस जरा तरी लाजल्यासारखी दिसत होती, राजवीर अजिबात नाही! दूध घालायला गेलं की सयाजीला रोज तो बघावा लागायचा.

आणि मग उसाच्या सऱ्या सोडताना त्याला तो दगड सापडला. शिरोळचं काळंभोर रान, तिथं बोटाएवढा खडा मिळायची मारामार. हा तर वीतभर लांब, तुळतुळीत, एका टोकाला धार! आक्कानं तो लगेच लसूण ठेचायला घेतला. सयाजीनं गंमत म्हणून व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला, तो फिरत फिरत कोल्हापूरच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या भैरवी मॅडमपर्यंत गेला, आणि त्यांचा तडक फोन!

“अहो, ही नवाश्मयुगातली कुऱ्हाड आहे! चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी घासून घासून गुळगुळीत केलेली! मी रविवारी येते. सापडली ती जागा दाखवा, तिथं ट्रॅक्टर आणू नका, आणि कुऱ्हाडीला जपा!”

सयाजीनं जपली की! लसूण बंद झाला. कुऱ्हाड आक्काच्या लग्नातल्या शालूत गुंडाळून कपाटात गेली. चौकात फ्लेक्स लागला. त्यात गॉगल लावलेला सयाजी हत्तीएवढा आणि कुऱ्हाड कोपऱ्यात सुपारीएवढी.

रविवारी रानात निम्मं गाव लोटलं. पेपरवाला कॅमेरा घेऊन आला. सयाजी फेटा बांधून, कुऱ्हाड छातीशी धरून उभा! मॅडम हात पुढं करणार, तेवढ्यात आक्का गरजली, “थांबा! नारळ फोडल्याबिगर काय न्हाय!”

तिचंही बरोबर होतं. आपल्याकडं नारळाशिवाय साधी बोअर मारत नाहीत. राजवीर नारळ सोलून तयारच होता. फोडायला दगड मात्र मिळेना. सगळं गाव खाली मान घालून सरीसरीतून फिरायला लागलं.

“आरं, दगड हुडका की!”

“शिरोळच्या रानात दगड? येडा हैस व्हय?”

“ट्रॅक्टरवर फोडा!”

“ट्रॅक्टर आणू नगा म्हणल्यात मॅडम!”

“आरं, मग हातात काय धरलंयस?” आक्का सयाजीवर कडाडली. “मी लसूण ठेचतच हुते की त्येनं! घाल!”

राजवीरनं ओंजळीत नारळ पुढं केला. पेपरवाल्यानं कॅमेरा रोखला. गाव बघतंय, मेव्हणा बघतोय... सयाजीनं हात उचलला.

“अहो, नको!” मॅडम किंचाळल्या.

खाट्!

नारळाची सरळ दोन भकलं झाली आणि पाणी मॅडमच्या चष्म्यावर उडालं. मॅडमनी कुऱ्हाड हिसकावून घेतली आणि पर्समधून भिंग काढलं. सयाजी मान लांब करून भिंगात डोकवायला लागला. चार हजार वर्षं टिकलेली वस्तू आपल्या हातून मोडली, तर फोटो राहिला बाजूला, तालुक्यात तोंड दाखवायला जागा उरणार नाही!

“एक टवकाही उडालेला नाही,” मॅडम शेवटी म्हणाल्या आणि त्यांनाच हसू फुटलं. “काय हात असेल हो ज्यानं बनवली त्याचा! पण पुन्हा असलं करू नका!”

“आमच्याच रानातला गडी की त्यो!” सयाजीची छाती फेट्यापर्यंत फुगली. टाळ्या पडल्या, खोबरं वाटलं गेलं आणि कुऱ्हाड मॅडमबरोबर कोल्हापूरला गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात भला मोठा फोटो! मधोमध दोन्ही हातांत भकलं धरून बत्तीशी दाखवणारा राजवीर. मागं आ वासलेल्या मॅडम. आणि उजव्या कडेनं आत आलेला, कोपरापर्यंतचा एक हात, मुठीत कुऱ्हाड. खाली ओळ होती, ‘अश्मयुगीन कुऱ्हाडीने नारळ फोडताना एक शेतकरी.’

डेअरीवाल्यांनी त्याची फ्रेम केली आणि म्हशीशेजारीच लावली. म्हणजे सयाजी म्हणाला ते खरं झालं, फक्त राजवीर आता भिंतीवर दोनदा आहे! दूध घालून झालं तरी सयाजी तिथून लवकर हलत नाही. नवा माणूस दिसला की शर्टाची बाही वर करतो, हात फ्रेमला लावतो आणि विचारतो, “बघा की पावणं, जुळतोय का न्हाय?”