शेवटचं ठिगळ

जुनं काढून टाकण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या सोलापुरात नाही! म्हणून तर आमची सई कंपनीच्या कामातसुद्धा माझा सल्ला घेते. (ती म्हणते, ती स्वतःशी बोलत असते आणि मी मध्ये पडतो.)

सईची कंपनी फोनवरून पाण्याची मोटार चालू करायच्या पेट्या बनवते. पेटी आणि कंपनीचा सर्व्हर एकमेकांशी गुप्त भाषेत बोलतात, नाहीतर माळशिरसच्या उसाची मोटार वळसंगचा कुणीही बसल्या जागी चालवेल! जुन्या पेट्यांची गुप्त भाषा मात्र कच्ची, बोबडी. त्यांचं निभावं म्हणून कोडमध्ये ठिगळं लावलेली.

"बाबा, सगळ्या गिऱ्हाइकांच्या पेट्या बदलून झाल्या. आता ठिगळं काढतेच. तेवढ्या फटीतून चोर शिरतो."

"काढ! आपल्याकडे पेटी बसली त्याच दिवशी भिंतीतला मोटारीचा खटका बुजवायला मी गवंड्याला सांगितलं की नाही? सांगितलं आणि निवांत फिरायला गेलो!"

सईने ठिगळं काढली. मी चहा घेतला.

तेवढ्यात पाणी आलं. आमच्याकडे पाणी चार दिवसांआड, तेही तासभर. हौद हा एवढासा. भरेल तसं मोटारीने वरच्या टाकीत चढवायचं. टाकी ठणठणीत कोरडी, आणि संध्याकाळी करमाळ्याहून माझ्या बायकोच्या, लीलाच्या, बहिणी नातवंडांसकट येणार!

मी ऐटीत फोनवर बोट ठेवलं. मोटार गप्प. फोन उंच धरला, जिन्यात नेला, देवासमोर नेला. मोटार मौनव्रतात!

"लीला, पाण्यालाच जोर नाही!"

"अहो, मोटारीला आवाज नाही म्हणा की!"

मी थेट पाणी सोडणाऱ्या सयाजीला फोन लावला. "पाणी सोडलंयस की अभिषेक चाललाय?"

सयाजी भडकला. त्याने कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह पुरता उघडला आणि दारात येऊन उभा राहिला. "आता हाय का जोर? बोला की!"

जोर होता! हौद भरून गल्लीत वाहू लागला, आणि शेजारच्या रत्नम्माने अंगणात वाळत घातलेल्या शेंगा होड्यांसारख्या निघाल्या.

"अय्यो! मी चटणी करायची का सार?" रत्नम्मा ओरडली.

सई धावत बाहेर आली. "बाबा, आपली पेटी कुठली?"

"तूच बसवलेली! सगळ्यात पहिली!"

सई पायरीवर मटकन बसली. "ती नमुन्याची, जुनी बोबडीच राहिली... आपण गिऱ्हाईक कुठे? मी गिऱ्हाइकांच्याच बघितल्या!"

"मग लाव ते ठिगळ परत!"

"आपल्या एका घरासाठी सगळ्यांची दारं उघडी ठेवू? नाही बाबा. बादली उचला."

उचलली. जिन्यात निम्म्यावर पोचलो, आणि अचानक खट्! मोटार घुमू लागली!

खाली लीला एका हाताने भिंतीवरचं कॅलेंडर उचलून उभी. मागे तोच खटका!

"अगं, गवंड्याने बुजवला ना?"

"त्याला चहा पाजून परत पाठवला. वर कॅलेंडर टांगलं."

"आणि इतकी वर्षं मला पत्ता नाही?"

"कॅलेंडरचं पान कधी उलटलंत तुम्ही?"

सई आईच्या गळ्यातच पडली. "आई, हे ठिगळ काढायचं नाही हं!"

"काढते कुठली! या घरात दोन जुन्या वस्तू लई जपल्यात मी. एक हा खटका. दुसरी, हातात बादली घेऊन जिन्यात उभी आहे."

दुसऱ्या वस्तूने बादली खाली ठेवली, आणि रत्नम्माच्या शेंगा वेचायला गेली.